कोंड्यात पसरलेली बुरशी मोजायची कशी?

गव्हाच्या कोंड्यावर ट्रायकोडर्मा ही बुरशी टाकली की दुसऱ्या दिवशी फ्लास्कमध्ये फारसं काही दिसत नाही. तिसऱ्या दिवशी कोंडा पांढरट होऊन एकमेकांना धरून बसतो, चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवा पडतो. इथवर सगळ्यांचं छान चालतं. मग कोणीतरी विचारतं, "वाढली हे दिसतंय, पण किती वाढली?" आणि गाडी अडते.

द्रव माध्यमात याचं उत्तर सोपं आहे. गाळा, धुवा, वाळवा, वजन करा. कोंडा, ज्वारीचे दाणे, भाताचा पेंढा, लाकडाचा भुसा यांत ते जमत नाही. बुरशीचे तंतू तिथे नुसते वर बसत नाहीत. विकरं सोडून कण मऊ करत ते आत शिरतात. लागलेल्या दह्यातून विरजण वेगळं काढून तोलून दाखवा म्हटलं तर जी पंचाईत होईल, तीच इथे होते. म्हणून घन पदार्थावर आपण बुरशी थेट मोजत नाही, तिची खूण मोजतो: ती किती लांब पसरली, किती अन्न संपवलं, किती कार्बन डायऑक्साइड सोडला, तिच्या पेशीभित्तिकेत किती कायटिन जमलं, पेशीपटलात किती एर्गोस्टेरॉल (एक स्टेरॉल) आहे, बीजाणू किती झाले. या सगळ्या खुणा एकमेकींशी जुळतीलच असं नाही. जुळल्या नाहीत म्हणून लगेच प्रयोग फसला असं समजू नका. पुष्कळदा तिथेच खरी माहिती असते.

हा लेख एमएस्सीच्या प्रकल्पात पहिल्यांदाच घन माध्यमाला हात लावणाऱ्यांसाठी आहे. जैविक कीडनाशकं किंवा आळिंबीचं स्पॉन (बियाणं) तयार करणाऱ्या छोट्या प्रयोगशाळांनाही उपयोगी पडेल. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवतो: गव्हाच्या कोंड्यावर ट्रायकोडर्मा.

कशासाठी मोजताय?

स्पॉन करणाऱ्याला बाटली किती दिवसांत भरते एवढंच हवं असतं. त्याला पट्टी आणि मार्कर पुरेसा आहे. ट्रायकोडर्माची पावडर विकणाऱ्याला बीजाणूंची संख्या हवी, कारण पाकिटावर तीच छापायची असते. विकरांचं उत्पादन आणि वाढ यांचा संबंध शोधणाऱ्याला तंतूंचं वस्तुमान हवं, त्याला ग्लुकोसमाइन (कायटिन फोडल्यावर निघतं ते) किंवा एर्गोस्टेरॉलपर्यंत जावं लागतं. गोदामातल्या धान्याला बुरशी लागली का हे बघणाऱ्याचा प्रश्न चौथाच.

माझ्याकडे येणारी मुलं बहुधा उलटीकडून सुरुवात करतात. "सर, आमच्याकडे एचपीएलसी आहे, तर एर्गोस्टेरॉल करू." एचपीएलसी म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र. यंत्र आहे म्हणून पद्धत निवडली की शेवटी आकडे हातात येतात, पण ते कशाचं उत्तर आहेत हे सांगता येत नाही. वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न एका ओळीत लिहा. तो लिहिता येत नसेल तर ऑटोक्लेव्ह लावू नका.

बुरशी आणि कोंडा

भाकरीवर किंवा शेंगदाण्यावर आलेली बुरशी उचलून सराव करू नका. शेंगदाण्यावरच्या पिवळट-हिरव्या बुरशीत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस असू शकते आणि तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ओळख पटलेलं कल्चर घ्या. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, चंदीगडला एमटीसीसी हा सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. कल्चर आलं की त्याचे स्लँट (तिरक्या अगारच्या नळ्या) करून फ्रिजमध्ये ठेवा आणि सगळा प्रयोग एकाच पिढीतल्या कल्चरवर करा. पुन्हा पुन्हा बदली करत राहिलं की काही वाण बीजाणू देणं कमी करतात, आणि मग मार्चचे आकडे जुलैशी जुळत नाहीत.

कोंडा एकदाच, पुरेसा घ्या. चाळून एकसारख्या आकाराचा करा. पीठ फार असेल तर पाणी घातल्यावर त्याचा गोळा होतो, हवा आत जात नाही, आणि बुरशी नुसती वरच्या थरावर सायीसारखी धरते. कोंड्यात पोरकिडे आहेत का तेही बघा. त्याचं कारण पुढे ग्लुकोसमाइनपाशी कळेल.

पाण्याचा हिशेब

नवख्यांचे निम्मे घोटाळे पाण्यात होतात, म्हणून इथे जरा थांबू.

कोंडा कोरडा दिसला तरी त्यात पाणी असतं. आधी ते काढा: ५ ग्रॅम कोंडा वजन केलेल्या बशीत घालून १०५ अंशांना ओव्हनमध्ये, वजन उतरायचं थांबेपर्यंत. डेसिकेटरमध्ये गार करून मगच तोला, नाहीतर गरम बशीमुळे काट्यावरचा आकडा हलत राहतो. समजा १० टक्के पाणी निघालं. आता २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये १० ग्रॅम कोंडा घेतला तर त्यात कोरडा भाग ९ ग्रॅम. आपल्याला ५५ टक्के ओलावा हवा, म्हणजे कोरडा भाग एकूण वजनाच्या ४५ टक्के झाला पाहिजे. ९ भागिले ०.४५ म्हणजे २० ग्रॅम. तेव्हा फ्लास्कमध्ये एकूण १० मिली पाणी जायला हवं. त्यातलं १ मिली बीजाणूंच्या द्रावणातून येणार आहे, म्हणून आधी घालायचं ९ मिली. हे १ मिली विसरणारे पुष्कळ भेटतात.

पाणी घालून ढवळा, अर्धा तास मुरू द्या, कापसाचा बोळा लावा, वर कागद बांधा आणि १२१ अंशांना, १५ पौंड दाबाखाली ऑटोक्लेव्ह करा. द्रव माध्यमाला १५-२० मिनिटं पुरतात. घन पदार्थात उष्णता हळू शिरते, म्हणून कोंड्याला ३० ते ४५ मिनिटं आणि ज्वारीच्या भरलेल्या पिशव्यांना त्याहून जास्त वेळ द्या. बाहेर काढल्यावर एक फ्लास्क फोडून ओलावा परत तपासा. ऑटोक्लेव्हमध्ये बोळ्यावर ठिबकलेलं पाणी आत उतरतं. ५५ ठरवलेले असताना ६० निघाले तर वहीत ६० लिहा.

किती फ्लास्क?

इथे नमुना घ्यायचा म्हणजे पूर्ण फ्लास्क संपवायचा. चमचाभर कोंडा काढून बाकीचा परत ठेवायचा नाही. एकतर हवा आणि दूषित जंतू आत जातात, दुसरं म्हणजे फ्लास्कच्या वरच्या आणि खालच्या भागांत वाढ सारखी नसते. सात दिवस रोज मोजायचं असेल, सुरुवातीचा शून्य दिवस धरून, तर आठ वेळा प्रत्येकी तीन फ्लास्क, म्हणजे २४. शिवाय कोरे फ्लास्क.

कोरा फ्लास्क म्हणजे तोच कोंडा, तेच पाणी, तोच ऑटोक्लेव्ह, त्याच इन्क्युबेटरमध्ये तितकेच दिवस. फक्त बीजाणूंऐवजी १ मिली निर्जंतुक पाणी. दर वेळी किमान एक कोरा काढा, पहिल्या आणि शेवटच्या दिवशी तीन. "सर, कोऱ्यात काय होणार?" हा प्रश्न मी दरवर्षी ऐकतो. कोऱ्यातलं पाणी उडतं, ऑटोक्लेव्हमध्ये साखरा आणि अमिनो आम्लं भाजून रंग धरतात, कधी जिवाणू लागतो. पुढच्या प्रत्येक मोजणीतून हे सगळं वजा करायचं आहे.

आणि एक. एकाच फ्लास्कच्या अर्कातून तीनदा भरलेली क्युव्हेट म्हणजे तीन नमुने नव्हेत. तो एकच नमुना तीनदा वाचलेला.

बीजाणू मोजून टाका

पाच-सहा दिवसांच्या हिरव्या प्लेटवर ट्वीन-८० या साबणासारख्या द्रवाचे एक-दोन थेंब घातलेलं निर्जंतुक पाणी ओता, काचेच्या दांडीने हलक्या हाताने खरवडा, कापडातून गाळा. नुसत्या पाण्यात हे बीजाणू नीट भिजत नाहीत, गठ्ठे करून तरंगतात. न्यूबावर चेंबरवर (चौकोन आखलेल्या मोजणीच्या काचेवर) मोजताना कोपऱ्यातले चार मोठे चौकोन घ्या. प्रत्येकाचं आकारमान ०.०००१ मिली, म्हणून सरासरीला १०,००० ने गुणायचं. द्रावण २० पट पातळ केलं आणि चार चौकोनांत मिळून १८० बीजाणू मोजले, तर सरासरी ४५. ४५ गुणिले १०,००० गुणिले २०, म्हणजे मिलीत ९० लाख. फ्लास्कमध्ये ९ ग्रॅम कोरडा कोंडा आहे, १ मिली टाकलं की ग्रॅमला दहा लाख बीजाणू झाले. टाकल्यावर फ्लास्क तळहातावर आपटून नीट मिसळा. २८ अंशांना ठेवा.

आता मोजण्याच्या पद्धती, सोपीपासून अवघडाकडे.

प्लेटवरचा व्यास

कोंड्याकडे जाण्याआधी बुरशीचा वेग ओळखून घ्या. बटाटा-डेक्स्ट्रोज-अगारच्या ९० मिमी प्लेटच्या मधोमध ५ मिमीची चकती ठेवा आणि खालून एकमेकांना काटकोनात दोन रेषा आखा. रोज ठरावीक वेळी दोन्ही रेषांवर व्यास मोजायचा आणि सरासरी घ्यायची. समजा पहिल्या चार दिवसांत १४, ३२, ५१, ६९ मिमी आले आणि पाचव्या दिवशी ८३. व्यास रोज साधारण १८ मिमीने वाढतोय, म्हणजे त्रिज्या ९ मिमीने. पाचव्या दिवसाचा आकडा सोडून द्या, तिथे बुरशी कडेला टेकायला आली आहे. वेग सरळ रेषेच्या भागातूनच काढायचा.

वाढ सरळ रेषेत का, जिवाणूंसारखी दुप्पट-चौपट का नाही, असं मुलं विचारतात. वसाहतीच्या कडेचा एक अरुंद पट्टाच पुढे सरकण्याचं काम करतो. आतला भाग जुना झालेला असतो, तो कडेला काही देत नाही. पट्ट्याची रुंदी कायम, म्हणून वेगही कायम.

पण व्यास म्हणजे वस्तुमान नव्हे. हे पटवायला नुसत्या पाण्याच्या अगारवर तीच चकती ठेवून बघा. वसाहत बऱ्यापैकी वेगाने पसरते, पण इतकी विरळ की उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नाही. उपाशी बुरशी अन्न शोधत लांब पळते. तेव्हा व्यासावरून "हे माध्यम अधिक चांगलं" असं लिहू नका. वसाहत पसरली, एवढंच त्यातून कळतं.

नळीतली शर्यत

हीच युक्ती खऱ्या पदार्थावर करता येते आणि मला ती फार आवडते, कारण खर्च जवळजवळ शून्य. न्यूरोस्पोरा या बुरशीसाठी लांब काचेच्या नळ्यांतून वाढीचा वेग मोजायची पद्धत रायन, बीडल आणि टाटम यांनी १९४३ साली प्रसिद्ध केली. त्यांच्या नळीत अगार होतं, आपल्या नळीत कोंडा किंवा ज्वारी.

मोठ्या परीक्षानळ्यांत सारख्याच वजनाचा ओला कोंडा सारख्याच उंचीपर्यंत भरा. हे "सारखंच" महत्त्वाचं आहे. दाबून भरलेल्या नळीत हवा कमी, वेग कमी, आणि दोष उगाच वाणाला. निर्जंतुक करून वर चकती ठेवा. रोज पांढऱ्या कडेपाशी मार्करने चार बाजूंना रेघ मारा, तारीख लिहा, आठवड्याने पट्टीने मोजा. धिंगरी आळिंबीचे दोन वाण पेंढ्यावर किंवा भुश्यावर तोलायचे असतील तर सुरुवात इथूनच करावी.

फोटो काढायचे असतील तर मोबाइल स्टँडवर, उजेड तोच, शेजारी पट्टी. इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर पट्टीवरून मोजमाप लावून पांढऱ्या भागाचं क्षेत्रफळ काढून देतं. पांढरा तंतू आणि कोंड्याचा फिकट तुकडा यांत मात्र ते गोंधळतं, म्हणून काळ्याशार पार्श्वभूमीवर काढलेल्या प्लेटच्या फोटोला ते बरं, कोंड्याच्या फ्लास्कला नाही.

वजनातली घट

बुरशी कोंडा खाते, त्यातला काही भाग वायू होऊन उडून जातो. फ्लास्कमधला सगळा माल काढून १०५ अंशांना वाळवा. ९ ग्रॅमचे ७.२ राहिले तर २० टक्के घट. कोऱ्यातली घट त्यातून वजा करा. ओलाव्यावरून फसू नका: बुरशी जगताना पाणीही तयार करते आणि पदार्थ तर कमी होत जातो, म्हणून सातव्या दिवशी कोंडा पहिल्यापेक्षा ओला निघू शकतो. ओल्या वजनावरचा कुठलाही आकडा त्यामुळे निरुपयोगी.

श्वास

झाकण घट्ट बसणाऱ्या मोठ्या बरणीत फ्लास्क आणि शेजारी छोट्या बीकरमध्ये २० मिली १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ठेवा. कार्बन डायऑक्साइड त्यात शोषला जातो. २४ तासांनी बीकर काढून त्यात बेरियम क्लोराइड घाला, पांढरा साका बसेल. मग फिनॉल्फ्थॅलिन टाकून १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने गुलाबी रंग जाईपर्यंत टायट्रेट करा. कोऱ्या बरणीला १९.२ मिली आम्ल लागलं, बुरशीच्या बरणीला १४.२, तर फरक ५. प्रत्येक मिलीला २२ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसभरात ११० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड.

बरणी रोज उघडून हवा बदला. ११० मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ६० मिली वायू, आणि साधारण तेवढाच ऑक्सिजन खर्च झाला. एक लिटर हवेत ऑक्सिजन असतो जेमतेम २१० मिली. तीन दिवस बंद ठेवलेल्या बरणीतला मंदावलेला आलेख मला एकदा एका मुलीने "स्थिर अवस्था" म्हणून दाखवला होता. बुरशी गुदमरली होती.

या पद्धतीचं मोठं सुख म्हणजे फ्लास्क फोडावा लागत नाही, त्याच नमुन्याचा रोजचा श्वास मिळतो. मर्यादा अशी की बुरशी वाढायची थांबली तरी जगण्यापुरता श्वास घेतच असते.

ग्लुकोसमाइन

बहुतेकांना शेवटी इथे यावंच लागतं. बुरशीच्या भित्तिकेत कायटिन असतं. ते पहिल्यांदा सापडलं तेही बुरशीतच: फ्रान्समधल्या आंरी ब्राकोनो यांनी १८११ मध्ये आळिंबीतून ते वेगळं केलं होतं. वनस्पतींमध्ये कायटिन नसतं. म्हणून कोंड्यातलं कायटिन आम्लाने फोडून निघालेलं ग्लुकोसमाइन मोजलं की बुरशीचा माग लागतो.

नमुना ६० अंशांना वाळवून बारीक दळा. अर्धा ग्रॅम पावडरीत ६० टक्के गंधकाम्ल २ मिली घालून २४ तास खोलीच्या तापमानाला ठेवा. मग हे मिश्रण थंड पाण्यात सावकाश ओता. आम्लात पाणी नाही, पाण्यात आम्ल. चष्मा आणि हातमोजे घालूनच. आम्ल साधारण १ नॉर्मल होईल इतकं पातळ करून तासभर ऑटोक्लेव्ह करा. गार झाल्यावर सोडियम हायड्रॉक्साइडने उदासीन करा, गाळा, १०० मिलीपर्यंत न्या.

रंगासाठी एल्सन आणि मॉर्गन यांची १९३३ ची रीत अजून चालते. १ मिली अर्कात १ मिली अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोनचं द्रावण घालून उकळत्या पाण्यात २० मिनिटं ठेवा. गार करून इथेनॉल आणि मग एरलिशचं द्रावण घाला, ६५ अंशांना १० मिनिटं ठेवा आणि ५३० नॅनोमीटरला वाचा. प्रमाणित आलेख त्याच दिवशी, त्याच द्रावणांनी काढलेला हवा.

इथे तीन खड्डे आहेत.

पहिला बाटलीवरच्या लेबलचा. आपण प्रमाण म्हणून घेतो ते ग्लुकोसमाइन हायड्रोक्लोराइड. त्याच्या १०० मिलिग्रॅममध्ये ग्लुकोसमाइन असतं ८३ मिलिग्रॅम. हा गुणक विसरलात तर सगळे आकडे सहाव्या हिश्शाहून जास्त फुगतात, आणि एकसारखे फुगत असल्यामुळे संशयही येत नाही.

दुसरा पोरकिड्यांचा. किड्यांचं कवच कायटिनचंच. एका उन्हाळ्यात आमच्या कोऱ्या फ्लास्कमध्येच चांगला गडद रंग यायला लागला. आठवडाभर आम्ही द्रावणं बदलली, क्युव्हेट बदलल्या, एकमेकांवर डाफरलो. शेवटी कोंड्याचं पोतं टेबलावर रिकामं केलं तेव्हा चालतंबोलतं कायटिन समोर आलं. जिवाणूंच्या भित्तिकेतही ग्लुकोसमाइन असतं, म्हणून आंबूस वास येणारा फ्लास्क बाद करा. शिवाय साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापली की एल्सन-मॉर्गनमध्ये थोडा रंग त्यांचाही येतो. म्हणून पुन्हा: कोरा फ्लास्क.

तिसरा खड्डा भागाकाराचा, आणि तो छापलेल्या लेखांतही दिसतो. समजा सातव्या दिवशी अर्काच्या मिलीत २० मायक्रोग्रॅम आलं. १०० मिलीत २ मिलिग्रॅम, अर्ध्या ग्रॅमात २ म्हणजे ग्रॅमला ४ मिलिग्रॅम. पण हा ग्रॅम कुठला? उरलेल्या कोंड्याचा. मूळ ९ ग्रॅमचा ७.२ झालेला आहे. फ्लास्कमधलं एकूण ग्लुकोसमाइन ४ गुणिले ७.२, म्हणजे २८.८ मिलिग्रॅम. मूळच्या ९ ग्रॅमने भागलं तर ग्रॅमला ३.२. बुरशी तसूभरही वाढली नाही आणि नुसता कोंडा घटत गेला तरी "प्रति ग्रॅम" चढतच जातं. म्हणून मूळच्या कोरड्या वजनावर मांडा. त्यासाठी वजनातली घट लागतेच, ती पद्धत वर आधी सांगितली ती याचसाठी.

ग्लुकोसमाइनवरून तंतूंचं वजन काढायचं तर शुद्ध तंतू हवेत. बटाटा-डेक्स्ट्रोज द्रवात तीच बुरशी वाढवून, गाळून, धुऊन, वाळवून त्यातलं ग्लुकोसमाइन मोजतात. दुसरा मार्ग म्हणजे अगारवर सेलोफेन अंथरून त्यावर वाढवायची आणि तंतूंची चादर अलगद सोलायची. ट्रायकोडर्मा सेल्युलोज पचवते, सेलोफेनही सोडत नाही, म्हणून दोन-अडीच दिवसांत उचला किंवा पॉलिकार्बोनेटचं पटल वापरा. मात्र कायटिनचं प्रमाण वयानुसार आणि अन्नानुसार बदलतं. द्रवातल्या कोवळ्या तंतूंचा गुणक कोंड्यातल्या सात दिवसांच्या तंतूंना लावणं म्हणजे शेजारच्या पोराच्या मापाने आजोबांचा सदरा शिवणं. माझं मत विचाराल तर गुणक लावूच नका. "मूळ कोरड्या कोंड्याच्या ग्रॅमला इतके मिलिग्रॅम ग्लुकोसमाइन" असं सरळ लिहा. वाचणाऱ्याला कळतं.

एर्गोस्टेरॉल

अर्गट या बुरशीवरून नाव पडलेलं हे स्टेरॉल शार्ल तांरे यांनी १८८९ मध्ये वेगळं केलं. कायटिन मेलेल्या तंतूंतही टिकून राहतं. एर्गोस्टेरॉल पटलात असतं आणि जिवंत बुरशीच्या जास्त जवळ जातं, शिवाय पोरकिड्यांच्या कवचाचा इथे त्रास नाही. धान्यातली लपलेली बुरशी शोधायला म्हणूनच ते वापरतात. ताजा नमुना मिथेनॉलमध्ये, पोटॅशियम हायड्रॉक्साइडने साबणीकरण, हेक्झेनमध्ये अर्क, मग एचपीएलसीवर २८२ नॅनोमीटरला वाचन.

एवढं लक्षात ठेवा: उजेड टाळा. अतिनील किरणांनी एर्गोस्टेरॉलचं ड जीवनसत्त्वाकडे रूपांतर होतं. आळिंबी उन्हात वाळवण्यात आहारतज्ज्ञांना जो फायदा दिसतो, तोच आपला तोटा. नमुने गच्चीवर वाळत घालू नका, तपकिरी बाटलीत ठेवा. आणि फायटोफ्थोरा, पिथियम यांच्यावर ही पद्धत लावू नका. ते बुरशीसारखे दिसतात, पण त्यांच्यात एर्गोस्टेरॉल तयार होत नाही, भित्तिकाही मुख्यतः कायटिनची नसते.

बीजाणू आणि सीएफयू

आपल्याकडे ट्रायकोडर्मा व्हिरिडी १ टक्का पावडरीच्या पाकिटावर ग्रॅमला किमान २० लाख सीएफयू (प्लेटवर वसाहत उठवू शकणारे जिवंत कण) असं लिहिलेलं असतं. मालाची प्रत तपासायला ते योग्य आहे. वाढ मोजायला नाही. तिसऱ्या दिवशी कोंडा तंतूंनी गच्च भरलेला असतो पण बीजाणू नसतात, सीएफयू कमी. पाचव्या दिवशी तंतू फारसे वाढलेले नसतात आणि बीजाणू कोट्यवधी, सीएफयू एकदम आकाशात. तंतूंची जुडी मिक्सरमध्ये किती वेळ फिरवली यावरही वसाहतींची संख्या ठरते. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा: ग्लुकोसमाइनची रेघ आधी चढून सपाट होते, बीजाणूंची नंतर उठते. उत्पादनासाठी फ्लास्क कधी काढायचा हे त्या दोन रेघांमधल्या अंतरावरून समजतं.

पहिल्यांदा करताना

सगळ्या पद्धती एकदम लावू नका. पहिल्या फेरीत प्लेट, नळी आणि वजनातली घट, एवढंच. ओलावा दोनदा तपासून एकसारखा आला, तीन फ्लास्कमधला फरक दहा टक्क्यांच्या आत राहिला, की दुसऱ्या फेरीत ग्लुकोसमाइनसाठी नमुने वाळवून ठेवायला लागा. वाळवलेली पावडर घट्ट झाकणाच्या बाटलीत टिकते, रंगाचं काम सवडीने करता येतं. वहीत इन्क्युबेटरचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहा. रात्री वीज गेली होती का तेही लिहा, कारण एका रात्रीच्या लोडशेडिंगने आलेखात पडलेली कुबड नंतर सिद्धान्तांनी समजावत बसावी लागते.

फ्लास्क उघडताना हुंगायची सवय असेल तर ती सोडा. हिरवा झालेला कोंडा पंख्याखाली उघडला की बीजाणूंचा धूर उठतो. दमा असलेल्यांना त्याचा त्रास होतो आणि तुमच्या पुढच्या सगळ्या प्लेटही हिरव्या होतात. मास्क लावा, पंखा बंद करा, वाळवायला न्यायच्या आधी कोंड्यावर थोडं इथेनॉल शिंपडा. ओव्हनमध्ये ठेवण्यापूर्वी ते खोलीतच उडून जाऊ द्या. वापरून झालेले फ्लास्क बोळ्यासकट ऑटोक्लेव्ह करूनच रिकामे करायचे. धुण्याच्या मोरीत ओतू नका, कोंड्याने ती तुंबते, आणि प्लंबरला काय झालं ते समजावून सांगणं ग्लुकोसमाइनहून अवघड आहे.